रेवड्यांची कुस्ती

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण आज जमलो आहोत, त्यांना या गावात कधी कोणी नावानं हाक मारली नाही. पाचवीतल्या पोरापासून सरपंचांपर्यंत सगळ्यांसाठी ते 'सर'च होते. मीही आज तेवढंच म्हणेन. त्यांच्या हाताखाली मी पळायला शिकलो, पुढे स्वतः क्रीडाशिक्षक झालो आणि अठ्ठावीस वर्षं शाळेच्या मैदानावर उभा राहिलो. त्या मैदानावर जे कळलं, आणि जे फार उशिरा कळलं, ते सांगायला मी आज उभा आहे.

विषय आहे तरुण खेळाडूंचा आत्मविश्वास आणि मनाचा कणखरपणा. या अठ्ठावीस वर्षांत पालकांच्या तोंडून मी सर्वात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असं : "सर, पोरगं प्रॅक्टिसला वाघ आहे हो, पण मॅचला गेलं की शेळी होतं. जरा कॉन्फिडन्स वाढवा त्याचा." सांगणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, तिची मला किंमत आहे. पण त्या वाक्यात एक समजूत दडलेली असते. आत्मविश्वास म्हणजे खुराकासारखी वस्तू, सकाळ-संध्याकाळ दुधातून पाजली की पोर तयार, अशी ती समजूत.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. आत्मविश्वास पाजता येत नाही. मुलाच्या स्वतःच्या आठवणीत साठलेल्या पुराव्यावर तो उभा राहतो. हा पुरावा जमत जाईल अशा पायऱ्या रचणं, आणि पायरी चुकून पोर पडलं तर खालची माती मऊ ठेवणं, हे आपलं, मोठ्या माणसांचं काम आहे.

हे मला कोणत्याही पुस्तकाआधी आमच्या जत्रेनं शिकवलं.

आमच्या जत्रेत दुपारी तीनच्या सुमाराला हलगी कडाडायला लागायची. मैदानाभोवती माणसं दाटीवाटीनं बसायची, मागची पोरं झाडांवर चढायची. पहिल्या नंबरची कुस्ती दिवस कलताना लागायची. मैदान सुरू व्हायचं ते मात्र रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरं चड्डीवर मैदानात उतरायची. पंच प्रत्येकाचा दंड धरून त्याला दुसऱ्याशेजारी उभं करायचे, खांद्याला खांदा लावून बघायचे, आणि अंगानं बरोबरीचं असेल तरच जोड लावायचे. एखाद्याचा बाप बाहेरून ओरडायचा, "लावा हो, आमचं पोरगं भारी पडंल त्याला!" पंच ऐकायचे नाहीत. रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या की नारळावरच्या, मग पाच रुपयांच्या, दहाच्या, पन्नासच्या. सूर्य खाली यायचा तशी कुस्ती मोठी होत जायची. आज नारळावर लढलेलं पोर दहा-बारा वर्षांनी संध्याकाळच्या कुस्तीत शड्डू ठोकताना दिसायचं, आणि ते कुठल्या पायऱ्या चढून तिथवर आलं हे साऱ्या गावानं पाहिलेलं असायचं.

मी तिसरीत असताना त्या मैदानात उतरलो. समोरचा पोरगा माझ्यापेक्षा दोन बोटं बुटका होता. हलगीचा आवाज छातीत घुमत होता. हात मिळवले आणि पुढचं मला आठवतं ते आभाळ. मी पाठीवर पडलो होतो. डोळ्यांत पाणी यायच्या आत पंचांनी मला उठवलं, पाठीची माती झटकली आणि ओंजळीत मूठभर रेवड्या टाकल्या. जिंकलेल्याला दोन मुठी, हरलेल्याला एक, असा आमच्याकडचा रिवाज होता. ते पंच म्हणजे आपले सर. कानाशी वाकून म्हणाले, "पाठ टेकली की काय होतं ते बघितलंस ना? एवढंच होतं. आता पुढच्या वर्षी त्याचं भ्याव नाही."

पुढे शिकायला बाहेर पडल्यावर अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. "हे मला जमेल" ही भावना माणसात कुठून येते, याची मांडणी त्यांनी १९७७ मध्ये केली. त्यांनी चार उगम सांगितले. पहिला, स्वतः करून पाहिलेलं आणि जमलेलं काम. दुसरा, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना पाहणं. तिसरा, विश्वासातल्या माणसाचा शब्द. चौथा, त्या क्षणी आपल्या शरीरात काय चाललंय आणि त्याचा आपण काय अर्थ लावतो. या चारांत सर्वात जोरकस पहिला. वाचता वाचता मी थांबलो, कारण हे सगळं मी पाहिलेलं होतं. जोड लावून दिलेली, पेलवेल अशी कुस्ती. कडेला बसून पाहिलेला शेजारच्या आळीतला पोरगा. पंचांचा कानातला शब्द. आणि छातीत घुमणारी हलगी. जत्रेचं मैदान रचणाऱ्या जुन्या माणसांनी बांडुरा वाचलेले नव्हते. त्यांना पोरं कळत होती.

आज आपण काय करतो? बारा वर्षांच्या मुलाला थेट संध्याकाळच्या कुस्तीत उतरवतो. पहिल्या वर्षी जिल्हा, दुसऱ्या वर्षी राज्य, मोबाइलवर व्हिडिओ, गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स. मधल्या पायऱ्या कोणालाच नको असतात. मग मोठ्या मैदानावर ते पोर आतून साक्ष मागतं, "मला हे जमेल याचा पुरावा काय?" आणि आतून उत्तर येत नाही. आपण लांबून ओरडतो, "कॉन्फिडन्स ठेव!" ठेवायला आधी हातात काही असावं लागतं.

पायऱ्या म्हणजे काय ते पाहायचं असेल तर बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडे पाहा. शेतकऱ्याचा मुलगा, शाळेला पायी जाणारा, पुढे महार रेजिमेंटचा जवान. सियाचीनच्या थंडीत त्यानं ड्यूटी केली आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे तो सैन्यात गेल्यानंतर वळला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांत शर्यत पुरी केली आणि गोपाळ सैनी यांचा १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. तिथून पुढे तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये वेळ होती ८ मिनिटं ९.९१ सेकंद. मुलांनो, वहीत वजाबाकी करून पाहा. सहा वर्षांत जेमतेम वीस सेकंद. कधी एखादा सेकंद, कधी तीन-चार, असा त्यानं तो विक्रम खाली आणलेला आहे.

मधली एक पायरी २०२२ ची, बर्मिंगहॅमची. राष्ट्रकुल स्पर्धेत ही शर्यत केनियाची मिरास होती. वर्षानुवर्षं तिन्ही पदकं तेच घेऊन जायचे. अविनाश ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला. सुवर्ण आणि त्याच्यात अंतर होतं पाच शतांश सेकंदांचं. शेवटच्या फेरीत केनियाच्या धावपटूंच्या खांद्याला खांदा लावून पळायचं धैर्य त्याला त्या संध्याकाळी कोणी भाषण देऊन दिलं नव्हतं. मागच्या प्रत्येक विक्रमानं ते थोडं थोडं दिलं होतं. आणि आज मांडव्यातलं एखादं पोर बांधावरून पळताना "आपल्या गावचा माणूस पळाला" असं म्हणू शकतं. बांडुरांचा दुसरा उगम तो हाच.

पण पायऱ्या म्हटल्या की त्यात हरणंही आलं. हरण्याचं काय करायचं, हे सांगताना मी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे जातो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं त्यांचं कांस्यपदक आपल्याला पाठ आहे. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरला निघालेली बैलगाड्यांची मिरवणूकही आपण अभिमानानं सांगतो. मला मात्र त्याआधीची चार वर्षं जास्त शिकवतात. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तिथे गादीवर उतरला होता. पायाखालचा पृष्ठभाग वेगळा, नियम वेगळे, गुणांचा हिशेब वेगळा. मातीवर मिळवलेला विश्वास गादीवर जसाच्या तसा चालत नाही, कारण विश्वास ज्या कामातून मिळतो त्याच कामापुरता असतो. नव्या जागी तो नव्यानं मिळवावा लागतो. लंडनहून येताना त्यांच्याकडे पदक नव्हतं, पण गादीवर काय चालतं, काय चालत नाही आणि आपण कुठे कमी पडलो, हे अंगानं कळलेलं होतं. हरण्यातून ते माहिती घेऊन आले, आणि तिच्यावर चार वर्षं राबले.

त्यांच्या मागे माणसंही उभी होती. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जो विद्यार्थी मागच्या खेपेला सहावा आला होता, त्याच्यासाठी एक शिक्षक घर गहाण ठेवतो. बांडुरांनी सांगितलेला विश्वासातल्या माणसाचा शब्द याहून वजनदार कसा असेल? पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते पैसे फेडायला मदत केली. मी दरवेळी स्वतःला विचारतो : सहावा आलेला मुलगा आज माझ्यासमोर उभा राहिला, तर मी त्याच्यासाठी काय गहाण ठेवीन? निदान माझा एक रविवार तरी?

आता मला माझ्या एका चुकीबद्दल बोलायचं आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा अधिकार मला नाही.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. नववीतली एक मुलगी आठशे मीटर पळायची. सरावात तिची वेळ जिल्ह्यात कोणापेक्षाही सरस होती. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी अंतिम फेरीआधी ती गप्प होती. सारखी बुटाची नाडी सोडत होती, पुन्हा बांधत होती. तिला पेटवावं म्हणून मी जवळ गेलो आणि म्हणालो, "आज पहिली आली नाहीस तर माझ्याकडे परत येऊ नकोस." पिस्तूल वाजलं. पहिले दोनशे मीटर ती शंभर मीटरच्या शर्यतीसारखी सुटली. पाचशेला तिचे पाय जड झाले, खांदे वर चढले, एकेक मुलगी तिच्या पुढे गेली. ती चौथी आली. बक्षीससमारंभ झाला, तंबू सुटायला लागला, तरी ती दिसेना. शेवटी पाण्याच्या टँकरमागे सापडली. मला बघून ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "सर, मी आता परत येऊ का?"

त्या वेळी मी काहीतरी पुटपुटलो. नीट उत्तर दिलं नाही. पुढचे काही महिने ती मैदानावर आली, मग यायची थांबली. सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून एकच प्रश्न विचारला, "तू तिला पळायला पाठवलंस, का घराबाहेर काढलंस?"

त्या दिवसापासून मी दोन शब्दांतला फरक जपतो : निबर आणि कणखर. भेंडी वेळेवर तोडली नाही की निबर होते. विळीवर धरली तर कटकट वाजते, कितीही शिजवा शिजत नाही. अशा भेंडीला कोणी कणखर म्हणत नाही, तिला टाकून देतात. मुलांना टोचून, हिणवून, चारचौघांत अपमान करून, कानाखाली मारून आपण त्यांना निबर करतो. मग त्यांना आतलं काही जाणवेनासं होतं आणि आपल्याला वाटतं पोर घट्ट झालं. कणखर माणसाला सगळं जाणवतं. भीती वाटते, लागतं, रडू येतं, आणि तरी तो पुढचं पाऊल टाकतो. खेळाला लागतो तो हा दुसरा माणूस, कारण ज्याला जाणवत नाही त्याला समोरच्याचा डावही जाणवत नाही.

इथे कोणीतरी म्हणेल, सर, फार मऊ वागवलं तर पोरं मऊच राहतील. त्यांनी एकदा तालमीत जावं. आखाड्याची माती पाहावी. तिच्यात ताक, तेल, हळद घालतात. फावड्यानं ती रोज उकरावी लागते, नाहीतर तिचा दगड होतो आणि पडणाऱ्याचं हाड मोडतं. जी माती इतकी जपून मऊ ठेवली, तिच्यातून कोण बाहेर पडलं? या महाराष्ट्राचे सर्वात दणकट गडी. माती मऊ होती म्हणून ते दिवसातून पन्नास वेळा पडू शकले, आणि पन्नास वेळा पडले म्हणून दणकट झाले. मेहनत कडकच हवी. जोर-बैठकांत सूट नाही, वेळेत सूट नाही, खोटेपणाला तर मुळीच नाही. माती मात्र मऊ हवी.

आता मुलांशी थोडं बोलतो. मॅचच्या आधी तुमच्या पोटात गोळा येतो, तळहात ओले होतात, छाती धडधडते, चारचारदा लघवीला जावंसं वाटतं. तुम्हाला वाटतं, हे फक्त मलाच होतं, म्हणजे मी भित्रा. बाळांनो, हे सगळ्यांना होतं. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. हृदय स्नायूंकडे जास्त रक्त पाठवतंय. जत्रेत जावं तर हलगी वाजणारच. तिला "पळ काढ" म्हणून ऐकायचं की "चल, उतर" म्हणून ऐकायचं, हे सरावानं शिकता येतं.

घोटाळा होतो तो दुसरीकडे. जिना उतरताना आपण पायांकडे लक्ष देत नाही आणि नीट उतरतो. मध्येच "आता उजवा, आता डावा" असा विचार करायला लागलो की अडखळतो. अंगवळणी पडलेल्या कौशल्याचंही दबावाखाली असंच होतं. लोक बघतायत, हरलो तर काय, अशा विचारानं लक्ष आत वळतं, आणि हाताला जे येत होतं ते मोडतं. म्हणून मनाला धरायला एक खुंटी लागते. कबड्डीत चढाईला जाणारा खेळाडू मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावतो, ते आठवा. ती श्रद्धा आहेच, शिवाय ती खुंटीही आहे. रोज सरावात तेच केलेलं असतं, म्हणून हात जमिनीला लागला की अंगाला कळतं, काम सुरू झालं. तुमची खुंटी तुम्ही ठरवा. एक संथ श्वास आत, त्याहून लांब श्वास बाहेर, नजर एका जागी, मनात एक शब्द. मात्र ती रोज करा, मॅचच्या दिवशी नवी शोधू नका.

हे किती मोठ्या मैदानावर उपयोगी पडतं, याचं उदाहरण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं. त्याचा प्रकार पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. पन्नास मीटरवरून त्याचा वेध घ्यायचा, आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, मग उभं राहून. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. उभ्या स्थितीत एक गोळी ७.६ ला गेली आणि तो चौथा आला. त्याआधी २०२२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता. दोनदा पदकाच्या दारातून परत आलेल्या माणसाच्या मनात तिसऱ्या वेळी काय काय येत असेल, विचार करा.

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा स्वप्नील सहावा होता, पालथं झोपून झाल्यावर पाचवा. उभ्या स्थितीत, म्हणजे जिथे आधी घात झाला होता तिथेच, तो एकेक जण मागे टाकत वर सरकला आणि ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं. सामन्यानंतर त्यानं सांगितलं की पोटात गोळा आला होता, काही खाल्लं नव्हतं, काळा चहा पिऊन आलो होतो. धडधड जोरात होती, पण नेहमीपेक्षा वेगळं काही केलं नाही, श्वास सांभाळला. ऐकलंत? ऑलिंपिक पदकविजेत्याच्या पोटातही गोळा येतो. आणि मोठ्यांनी हेही ऐकावं : आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना तो दुसरी आई मानतो. माती मऊ होती. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते असं.

ही तयारी शाळेच्या मैदानावर कशी करायची? सरांकडे त्यासाठी एक साधन होतं : दोनशे पानी वही. प्रत्येक खेळाडूची वेगळी. रोज तीन ओळी लिहायच्या. आज काय जमलं, काय जमलं नाही, उद्या काय करणार. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. पण स्पर्धेच्या आदल्या रात्री सर म्हणायचे, "भाषण नाही देणार. वही वाच आणि झोप." "मी जिंकणारच" असं शंभर वेळा घोकलं तरी मन साक्ष मागतं. वहीतली ओळ ही साक्ष असते. "सोमवारी चारशेच्या सहा फेऱ्या पुऱ्या केल्या. पाचवीत सोडून द्यावंसं वाटलं, सोडलं नाही." स्वतःच्या अक्षरातला हा पुरावा कोणालाही खोडता येत नाही.

दुसरी गोष्ट, दबावाचाही सराव हवा. कबड्डीत शेवटची दोन मिनिटं, आपण दोन गुणांनी मागे, असं ठरवून रोज एक डाव खेळवा. बाकीच्या पोरांना कडेला उभं करून आरडाओरडा करायला सांगा. खो-खोत पाठलाग करणाऱ्यांना मुद्दाम एक मिनिट कमी द्या. चुकेल, पुन्हा चुकेल, मग जमेल. मोठ्या मैदानावर तसाच प्रसंग आला की अंग म्हणेल, ही तर आपल्या ओळखीची जागा आहे.

आता पालकांसाठी. मुलाचं मन सर्वात जास्त घडतं किंवा बिघडतं ते मैदानावरून घरी येताना, तुमच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर. पोर हरलंय, घामानं चिकट झालंय, तुमच्या पाठीला डोकं टेकून बसलंय. आणि पुढून आवाज येतो, "तो सोपा कॅच कसा काय सोडलास? किती खर्च करतोय माहितीय का?" त्याला उतरून जाता येत नाही. मी हात जोडून सांगतो, त्या रस्त्यावर खेळाचा विषय काढू नका. भूक लागलीय का विचारा. वडापावच्या गाडीवर थांबा. चुका प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी सांगेल, आणि पोराला त्या आधीच माहीत असतात.

जिंकल्यावरही बोलताना जपा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हणून शाबासकी दिली, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हणून. पुढे अवघड काम आलं आणि अपयश पदरी पडलं तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर खचली. मेहनतीची शाबासकी मिळालेली टिकून राहिली. "जन्मजात टॅलेंट आहे हो" हे वाक्य मुलाला वर चढवतं, पण पहिल्याच पराभवात त्याला वाटतं, ते टॅलेंट बहुतेक संपलं. मेहनत संपत नाही, ती उद्या पुन्हा करता येते. आणि "दहावी आली, आता ग्राउंड बंद" असं म्हणण्याआधी एकदा विचार करा. ज्या वर्षी पोरावर सर्वात जास्त ताण असतो, त्याच वर्षी ताण हलका करणारी एकमेव जागा आपण बंद करतो. मुलींच्या बाबतीत ती बहुधा कायमचीच बंद होते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा विजेत्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची होती. तिचं ग्राउंड वेळेआधी बंद झालं नाही, म्हणून ती तिथवर पोचली.

एक अवघड गोष्ट राहिली. कधीकधी कणखरपणा थांबण्यात असतो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. हवेत गिरकी घेताना शरीराचा अंदाज लागेनासा झाला होता. तशा अवस्थेत उडी मारणं म्हणजे मान मोडून घेणं. तिला भित्री म्हणणारेही निघाले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं तीन सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलं. आपले नेमबाज अभिनव बिंद्रा २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकले, आणि त्यानंतर मनात आलेल्या पोकळीबद्दल ते उघडपणे बोलले आहेत. उद्या मल्लखांबावरची एखादी मुलगी म्हणाली, "सर, आज उडीत अंदाज येत नाहीये," तर तिला भित्री म्हणू नका, खाली उतरवा. एखादं पोर सलग काही आठवडे झोपत नाही, जेवत नाही, मैदानाचं नाव काढलं की गप्प होतं, तर त्याला डॉक्टरकडे न्या, जसं घोटा मुरगळल्यावर नेता. आणि पोरांनो, कोणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर ते सहन करणं म्हणजे मन घट्ट असणं नव्हे. त्याच दिवशी घरी सांगा. घरी जमत नसेल तर ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा.

समारोप करतो. टँकरमागे विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. नंतरची सगळी वर्षं मी ते प्रत्येक हरलेल्या मुलाला देत आलो. शर्यत संपली की मी आधी शेवटच्या क्रमांकाकडे चालत जातो. जिंकलेल्याभोवती गर्दी असतेच, तिथे माझी गरज नसते. हरलेलं पोर मान वर करून बघतं. त्याच्या डोळ्यांत तोच प्रश्न असतो, "येऊ का परत?" मी म्हणतो, "ये. उद्या साडेपाचला. वही घेऊन ये."

मुलाच्या मनाच्या तळाशी एवढं एक उत्तर पक्कं बसलं, की हरलो तरी मला परत यायला जागा आहे, की मग ते मोठ्यात मोठ्या मैदानावर मोकळ्या हातानं लढतं. सरांनी माझ्या ओंजळीत टाकलेल्या मूठभर रेवड्यांचा अर्थ तोच होता. त्या चघळत मी मैदानाच्या कडेला बसलो, पुढची कुस्ती पाहिली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरलो.

सरांच्या घरच्यांनी आज दाराशी रेवड्यांची परात ठेवली आहे. बाहेर पडताना प्रत्येकानं घ्या. आणि या आठवड्यात कुठे हरून आला असाल, तर तुम्ही आधी पुढे या.